जीमॅट पुन्हा द्यायची का? नियम, कागदपत्रं आणि तारखांचं गणित

जीमॅट म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा. ती दिल्यावर पडद्यावर मनासारखा स्कोअर दिसला नाही की बरेच जण त्याच संध्याकाळी पुढची तारीख शोधायला बसतात. जरा थांबा.

दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचं अंतर लागतं आणि कुठल्याही सलग १२ महिन्यांत जास्तीत जास्त ५ वेळा बसता येतं. घरून दिलेली परीक्षाही यात मोजतात. पदवीची अट नाही. वय १८ च्या आत असेल तर पालकांची संमती लागते. स्कोअर ५ वर्षं चालतो.

आता खरा प्रश्न. क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आकडेवारीवरून निष्कर्ष) या तिन्ही विभागांना एकूण स्कोअरमध्ये सारखंच वजन आहे. समजा क्वांट ८४, व्हर्बल ८२ आणि डेटा इनसाइट्स ७५ आलेत. आपल्याकडचे इंजिनिअर इथे हमखास क्वांटचीच पुस्तकं पुन्हा उघडतात, आणि वाढायला जागा असते ती डेटा इनसाइट्समध्ये. तिथे ४५ मिनिटांत २० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सव्वादोन मिनिटं. अधिकृत रिपोर्टमध्ये कुठल्या प्रश्नाला किती वेळ गेला तेही दिसतं. शेवटचे प्रश्न घाईघाईत उरकलेले दिसले, तर पुन्हा द्यायला सबळ कारण आहे. सगळीकडे वेळ पुरला, तरी चुका विखुरलेल्याच असतील, तर १६ दिवसांत फारसा फरक पडणार नाही. दोन-तीन महिने हाताशी ठेवा.

घरचे ‘७०० हवेत’ म्हणत असतील तर ते जुन्या जीमॅटचं माप आहे. ते आताच्या साधारण ६४५ च्या बरोबरीचं.

तारीख अर्जाच्या मुदतीवरून उलटी मोजा. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांची (म्हणजे बिझनेस स्कूलांची) अर्जांची पहिली फेरी सप्टेंबरच्या आसपास आणि दुसरी जानेवारीच्या सुरुवातीला संपते. निबंध आणि शिफारसपत्रं अर्धवट असतील, तर थोड्या गुणांसाठी ते महिने घालवू नयेत, असं माझं मत.

नोंदणी एमबीए डॉट कॉमवरच्या जुन्याच खात्यातून करायची, नवं खातं काढायचं नाही. फी दर वेळी पूर्ण भरावी लागते. भारतात ओळखपत्र एकच चालतं: मुदतीतला मूळ पासपोर्ट. आधार, पॅन किंवा झेरॉक्स नाही. खात्यातलं नाव पासपोर्टशी तंतोतंत जुळायला हवं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव ‘गिव्हन नेम’च्याच रकान्यात असतं, खात्यात ते गाळलेलं असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. नाव जुळलं नाही तर केंद्रावरून परत पाठवतात आणि फीही जाते.

पहिला कमी स्कोअर शाळेला दिसेल ही भीती सोडा. तुम्ही पाठवाल तोच स्कोअर शाळेकडे जातो. अधिकृत निकाल आल्यापासून ४८ तासांत पाच ठिकाणी तो विनाशुल्क पाठवता येतो. त्यानंतर प्रत्येक शाळेमागे पैसे पडतात.