टर्बो मोटारीतील हवामार्ग व बूस्ट झडपांचे फेरबदल

टर्बोचार्जर असलेल्या मोटारीत इंजिनाकडे हवा नेणारा मार्ग आणि त्या हवेचा वाढीव दाब, म्हणजे बूस्ट, आवरणाऱ्या झडपा कारखान्याच्या रचनेपेक्षा वेगळ्या करणे, याला हे फेरबदल म्हणतात. एअर फिल्टर, सक्शन पाइप, वेस्टगेट झडप व तिला उघडणारा ॲक्च्युएटर, बूस्ट सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणारी झडप), बायपास किंवा ब्लो-ऑफ झडप हे भाग त्यात येतात. हेतू बहुधा ताकद वाढवण्याचा असतो, पण यांतला एकही भाग स्वतः ताकद निर्माण करत नाही. झडपा दाब ठरवतात, सेन्सर हवा मोजतो आणि त्या मापावर इंधन सोडले जाते. हा हिशेब जुळलेला राहिला तर फेरबदल टिकतो. तो मोडला तर महागडा सुटा भागही इंजिनाचे नुकसानच करतो.

दाब आवरण्याची गरज

इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू टर्बाइनचे चाक फिरवतो. त्याच दांड्यावर बसलेले कॉम्प्रेसरचे चाक ताजी हवा दाबून आत ढकलते. लहान टर्बोत हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. जास्त हवा आली की जास्त इंधन जळते, जास्त वायू बाहेर पडतो आणि टर्बो आणखी जोराने फिरतो. हे चक्र आपणहून थांबत नाही, म्हणून काही वायू टर्बाइनला वळसा घालून थेट एक्झॉस्टमध्ये सोडावा लागतो. तो सोडणारी झडप म्हणजे वेस्टगेट.

दाब वाढला की उष्णताही वाढते. २७ अंश सेल्सियसची हवा दुप्पट दाबाला नेली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १२० अंशांना पोचते. इंटरकूलर तिला थंड करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. तापलेल्या दाट मिश्रणाचा काही भाग ज्योत पोचण्याआधीच पेटतो तेव्हा नॉकिंग होते. पिस्टनच्या कडा आणि रिंगांमधल्या पट्ट्या तुटतात त्या बहुधा यामुळेच.

इतिहास

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये टर्बोचार्जिंगचे पेटंट घेतले. मोटारीत ते रुळायला पुढे अनेक दशके गेली. १९६२ च्या ओल्ड्समोबील जेटफायरमध्ये वेस्टगेट होतेच, शिवाय नॉकिंग टाळण्यासाठी पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई आणि ते संपले की एक झडप बूस्ट कमी करी. मालक टाकी भरायला विसरत, गाडी मंदावे, आणि अनेकांनी टर्बोच काढून घेतला. साबने १९७७ मध्ये दाखवलेल्या ९९ टर्बोत लहान टर्बो आणि वेस्टगेट यांची जोडी रोजच्या वापराला योग्य केली. याच कंपनीच्या १९८० च्या दशकारंभीच्या एपीसी प्रणालीत नॉक सेन्सर आणि सोलेनॉइड झडप एकत्र आले, त्यामुळे इंधनाचा दर्जा पाहून बूस्ट कमी-जास्त होऊ लागला. आजची बूस्ट नियंत्रणे याच वाटेने आलेली आहेत.

वेस्टगेट आणि बूस्ट कंट्रोलर

साध्या रचनेत ॲक्च्युएटरच्या डबीत एक रबरी पडदा आणि एक स्प्रिंग असते. कॉम्प्रेसरकडून बारीक नळीने आलेला दाब पडद्यावर पडतो, तो स्प्रिंगला भारी झाला की दांडी सरकते आणि वेस्टगेट उघडते. स्प्रिंग अर्ध्या बारची असेल तर बूस्ट साधारण तिथेच थांबतो. कोणताही कंट्रोलर या आकड्याच्या खाली बूस्ट आणू शकत नाही. तो फक्त पडद्याकडे जाणारा दाब अडवून किंवा गळू देऊन बूस्ट वर नेतो. म्हणून कडक स्प्रिंग बसवताना आपण तळमर्यादाच उचलत आहोत हे ध्यानात ठेवायला हवे.

कारखान्याच्या तीन तोंडांच्या सोलेनॉइडमध्ये एक तोंड दाबाच्या उगमाला, दुसरे ॲक्च्युएटरला आणि तिसरे सक्शन पाइपला जोडलेले असते. इसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, तो सेकंदाला साधारण २०-३० वेळा उघडझाप करतो आणि उघड्या-बंद काळाचे प्रमाण बदलून पडद्यावरचा दाब ठरवतो. सोलेनॉइडची वीज तुटली तर सगळा दाब पडद्यावर जातो आणि बूस्ट तळमर्यादेला येतो. म्हणजे बिघाड झाला तरी इंजिन वाचते. ॲक्च्युएटरची नळी निसटली तर मात्र उलटे घडते. पडद्याला दाबच कळत नाही, वेस्टगेट बंद राहते आणि बूस्ट मोकाट चढतो. नळीवरची दोन पैशांची क्लिप या साऱ्या यंत्रणेतला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, असे म्हणायला हरकत नाही.

काही गाड्यांत नळीच्या आत बारीक भोकाची एक गुटली असते. दाबाचा प्रवाह तिच्यातून मोजून जातो आणि सोलेनॉइड त्यातला काही भाग बाहेर सोडतो. नळ्या बदलताना ती जुन्या नळीतच राहून जाते. मग सोलेनॉइड कितीही गळू दे, पडद्यावर पुरेसा दाब येतच राहतो आणि नव्या चकचकीत नळ्या लावूनही गाडी ढिली पडते. भोक मूळपेक्षा लहान केले तर बूस्ट वाढतो.

हाताने फिरवायचे कंट्रोलर दोन प्रकारचे. दाब गळू देणारा प्रकार स्वस्त, पण हवामान आणि गियर बदलला की त्याचा बूस्ट सरकतो. गोळी-स्प्रिंगचा प्रकार ठरलेल्या दाबापर्यंत पडद्याला काहीच कळू देत नाही, त्यामुळे वेस्टगेट अर्धवट उघडत नाही आणि बूस्ट लवकर चढतो. पण तेवढ्याच सहज तो क्षणभर मर्यादेपलीकडे उसळी घेतो. दोन्हींत मोठी उणीव एकच. नॉकिंग सुरू झाले तर बूस्ट खाली आणणारे कोणी राहत नाही.

बूस्ट वर सरकण्याचे आणखी एक कारण झडपेच्या आकारात असते. मोकळा एक्झॉस्ट बसवला की टर्बाइनच्या पलीकडचा दाब घटतो आणि टर्बाइनला जास्त जोर मिळतो. वेस्टगेटचे भोक लहान असेल तर ते पूर्ण उघडूनही जादा वायू मावत नाही, आणि इंजिन जोरात फिरत असताना बूस्ट हळूहळू चढत राहतो. हा दोष कोणत्याही कंट्रोलरने जात नाही. भोक मोठे करून घ्यावे लागते किंवा मोठी बाहेरची वेस्टगेट बसवावी लागते.

बायपास झडप

वेगात असताना थ्रॉटल (इंजिनाकडची हवा कमी-जास्त करणारी पाकळी) मिटला की कॉम्प्रेसरने दाबलेली हवा अडते आणि उलटी चाकावर आदळते. फडफडल्यासारखा जो आवाज येतो तो याचा. ती हवा सोडायला बायपास झडप असते. कारखान्याची रचना बहुधा ही हवा पुन्हा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी नेते. फुसकारा ऐकू यावा म्हणून ती बाहेर सोडणारी झडप बसवली जाते, आणि इथे हिशेब बिघडतो. सक्शन पाइपवर हवा मोजणारा सेन्सर असेल तर बाहेर गेलेली हवा आधीच मोजलेली असते. तिच्या वाट्याचे इंधन सिलिंडरमध्ये पडते, गियर बदलताना गाडी हिसका देते, प्लग काजळतात आणि एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापतो. इनटेक मॅनिफोल्डमधल्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधल्या) दाबावरून हवेचा अंदाज घेणाऱ्या इंजिनांत हा त्रास नसतो. मात्र फुसकाऱ्याने ताकद वाढत नाही. जुन्या झडपेच्या रबरी पडद्याला चीर पडली असेल आणि बूस्टमध्ये झडप गळत असेल, तर मजबूत झडप बसवण्याचा खरा फायदा मिळतो.

हवामार्ग

हवा टर्बोत शिरण्याआधीचा अडथळा कमी करण्याचा लाभ दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. कॉम्प्रेसरचे काम दाबांच्या गुणोत्तराने मोजतात. कॉम्प्रेसरमधून निघताना २०० किलोपास्कल हवे असतील आणि त्याच्या तोंडाशी १०० असतील तर गुणोत्तर २. अडथळ्याने तोंडाशी ९५ च उरले तर तेच २.१ होते. म्हणजे तेवढ्याच बूस्टसाठी चाक जोरात फिरते आणि हवा जास्त तापते. उंच प्रदेशातही हेच घडते. उघडा फिल्टर इंजिनाच्या गरम खणात ठेवला तर मात्र मिळवलेले सगळे जाते.

हवा-सेन्सर बसतो त्या पाइपच्या व्यासाला हात लावणे सर्वांत धोक्याचे. ७० मिलिमीटरचा पाइप ८० चा केला तर क्षेत्रफळ सुमारे ३१ टक्क्यांनी वाढते, हवेचा वेग उतरतो आणि सेन्सर जवळजवळ पाव हिस्सा हवा कमी सांगतो. मिश्रणात इंधन कमी पडते, तेही भर बूस्टमध्ये. फिल्टरला तेल जास्त झाले तरी ते सेन्सरच्या तारेवर बसून माप बिघडते.

हवेच्या तोंडाशी किती ताकद अडवता येते हे रॅलीने दाखवले. जागतिक रॅलीत १९९५ मध्ये टर्बोच्या तोंडाशी ३४ मिलिमीटरचे रिस्ट्रिक्टर (हवेची वाट आकसणारे कडे) सक्तीचे होते. त्याच्या गळ्यात हवा ध्वनीच्या वेगाला पोचली की बूस्ट कितीही वाढवला तरी जास्त हवा आत येत नाही. त्या वर्षी टोयोटाच्या गाड्यांत रिस्ट्रिक्टरला चुकवून हवा आत घेणारी दडवलेली रचना सापडली आणि संघावर बारा महिन्यांची बंदी आली. फॉर्म्युला वनने दाबाकडून लगाम घातला: १९८७ मध्ये ४ बार आणि १९८८ मध्ये २.५ बार निरपेक्ष (वातावरणाचा दाब धरून मोजलेल्या) दाबाला उघडणारी झडप प्रत्येक टर्बो इंजिनावर बसवणे भाग होते.

चाचणी आणि नव्या गाड्या

कोणताही भाग बदलण्याआधी हवामार्गात दाब भरून गळती शोधणे हे पहिले काम. इंटरकूलरचा सैल जोड, चिरलेली नळी, न मिटणारी पीसीव्ही झडप (क्रँककेसमधले वायू परत सक्शनकडे नेणारी) यांतून हवा जात असेल तर ठरलेला बूस्ट गाठायला टर्बो गरजेपेक्षा जोरात फिरतो. बूस्ट वाढवल्यावर तो दाब, मिश्रणाचे प्रमाण, आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि नॉकिंगमुळे इसीयूने उशिरा केलेली ठिणगी या चारही गोष्टींची नोंद एकाच वेळी घ्यावी लागते. एकट्या बूस्ट गेजवर विसंबू नये. दाब चढूनही हवा फक्त तापली असेल तर ते गेजवर दिसत नाही.

अलीकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांत ॲक्च्युएटर विजेवर चालतो आणि त्याची जागा सेन्सर सतत सांगतो. तिथे नळीत कंट्रोलर बसवायला नळीच नसते. इसीयू चालकाने मागितलेल्या टॉर्कवरून बूस्ट ठरवतो, आणि मोजलेला दाब अपेक्षेबाहेर गेला तर थ्रॉटल मिटवतो किंवा इंधन तोडतो. अशा गाडीत बूस्टचा बदल इसीयूमधल्या नकाशातूनच (आकड्यांच्या तक्त्यातूनच) करावा लागतो, झडपेला हात लावून नव्हे.