तंबू ऊब देत नाही, मग काय देतो?

जून १९११ ची अखेर. अंटार्क्टिकात ऐन हिवाळा, दिवसरात्र अंधार. रॉबर्ट स्कॉट यांच्या मोहिमेतले एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणायला केप क्रोझियरला निघाले. निघताना त्यांच्या तीन स्लीपिंग बॅगा आतल्या पिसांच्या अस्तरांसकट मिळून सुमारे २४ किलो भरल्या होत्या. पाच आठवड्यांनी ते परतले, तेव्हा त्याच बॅगांचं वजन ५३ किलोंवर गेलं होतं. वाढलेलं वजन बर्फाचं होतं आणि तो बर्फ त्यांच्याच घामाचा आणि श्वासाचा होता. त्याच प्रवासात वादळानं त्यांचा तंबू उडवून नेला. वारा पडल्यावर तो उताराच्या पायथ्याशी सापडला, म्हणून ते तिघे जिवंत परतले.

हलका फोर-सीझन, म्हणजे हिवाळ्यातल्या बर्फवाऱ्यातही टिकणारा तंबू घ्यायला निघालेल्या प्रत्येकानं हा प्रवास लक्षात ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. कारण बहुतेक जण तंबूकडून ऊब मागतात. तंबूचं कापड इतकं पातळ असतं की आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा जेमतेम काही अंशांनी जास्त राहतं. ऊब टिकवण्याचं काम स्लीपिंग बॅग आणि खालची मॅट करतात. तंबूनं वाऱ्यात उभं राहायचं, बर्फाचा भार पेलायचा आणि आतली वाफ बाहेर जाऊ द्यायची.

वाऱ्याचा हिशोब फसवा आहे. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा उभ्या भिंतीच्या दर चौरस मीटरवर साधारण १२ किलो वजनाइतका रेटा देतो आणि ताशी १०० किलोमीटरला तोच रेटा पन्नासच्या घरात जातो. वरून बर्फ. ताज्या, भुसभुशीत बर्फाचं वजन घनमीटरला ५० ते १०० किलो धरा, वाऱ्यानं दाबून बसवलेल्याचं तीनशेच्याही पुढे. म्हणजे ताज्या बर्फाचा ३० सेंटिमीटर थर साचला, तरी तीन चौरस मीटरच्या छतावर नव्वद किलोपर्यंत भार येऊ शकतो.

हा भार काठ्या पेलतात, त्यामुळे तंबू पाहताना आधी त्यांच्याकडे पाहावं. साध्या तंबूत दोन काठ्या माथ्यावर एकदाच एकमेकींना छेदतात आणि त्यांचे लांबलचक भाग आधाराविना राहतात. जिओडेसिक तंबूत त्या अनेक ठिकाणी छेदतात, त्यामुळे प्रत्येक काठीचे आखूड तुकडे पडल्यासारखं होतं. काठीची आधाराविना लांबी निम्मी केली की तिला वाकवून कोलमडवायला चौपट जोर लागतो. अमेरिकी रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांच्या घुमटांमागची ही कल्पना १९७५ मध्ये नॉर्थ फेस कंपनीच्या ‘ओव्हल इन्टेन्शन’ या तंबूत आली आणि आजही उंचावरचे तंबू तिच्यावरच उभे आहेत. बोगद्यासारखे टनेल तंबू त्यांच्याहून हलके आणि आतून ऐसपैस असतात. वारा समोरून आला तर छान टिकतात, आडवा आला की डगमगतात. उघड्या धारेवर मुक्काम असेल, तर मी जिओडेसिकचं जास्तीचं वजन बिनतक्रार उचलेन. झाडांच्या आडोशाला टनेल पुरे. काठ्या मात्र ॲल्युमिनियमच्याच हव्यात. कार्बन फायबर हलकं असतं, पण ते एकदम तुटतं. ॲल्युमिनियम आधी वाकतं आणि नळीचा तुकडा बाहेरून चढवून त्याला रात्रीपुरतं सावरता येतं.

कापडाच्या माहितीत ‘डेनियर’ हा शब्द भेटतो. नऊ किलोमीटर लांब धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. वीस डेनियरचा धागा नऊ किलोमीटर पसरला, तरी वजन फक्त वीस ग्रॅम! नायलॉन फाटायला चिवट, पण ओलं झालं की सैलावतं. संध्याकाळी ताणून बांधलेलं बाहेरचं कापड पहाटे लोंबून आतल्या कापडाला टेकतं. पॉलिएस्टर फारसं सैलावत नाही. दोन्हींवर सिलिकॉनचा लेप असेल, तर फाटण्याला प्रतिकार वाढतो.

आता वाफ. २० अंश सेल्सिअसची हवा घनमीटरला सुमारे १७ ग्रॅम पाणी धरून ठेवते, शून्य अंशाची पाच ग्रॅमसुद्धा नाही आणि उणे दहाची जेमतेम सव्वादोन. रात्रभर श्वासातून सुटणारी वाफ गार कापडाला लागते आणि तिथंच गोठते. पहाटे बोटानं कापडाला हलकी टिचकी मारून पाहा: बारीक पांढरा चुरा चेहऱ्यावर, बॅगेवर झरझर पडतो. सूर्य वर आला की त्याचं पाणी होतं आणि बॅगेतली पिसं भिजतात. दुहेरी भिंतीच्या तंबूत यातला बराचसा चुरा बाहेरच्या कापडाला राहतो. एकेरी भिंतीचा तंबू अर्धा-एक किलोनं हलका असतो, पण थंडी दमट असेल तर तो मी घेणार नाही. आतला तंबू जाळीचाही नको, वाऱ्यावर उडणारा बारीक बर्फ त्यातून थेट आत येतो.

वरच्या हवेच्या खिडक्या थंडीतही उघड्याच ठेवायच्या. बंद तंबूत स्टोव्ह पेटवला, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. अंटार्क्टिकातल्या एकाकी तळावर १९३४ च्या हिवाळ्यात अमेरिकी शोधक रिचर्ड बर्ड याच वायूनं मरता मरता वाचले होते.

वजन कमी करायचंच, तर जमिनीचं क्षेत्रफळ आणि जादा खिसे कमी करा. काठ्या, ताणदोऱ्या आणि हवेच्या खिडक्या यांत काटकसर नको. दोन माणसांचा चांगला हलका तंबू दोन ते अडीच किलोंत मिळतो, त्याखाली गेलात तर काय गमावलं ते शोधा.

साध्या खुंट्या भुसभुशीत बर्फात धरत नाहीत. त्यांच्याऐवजी कापडी पिशवीत बर्फ ठासून भरा, तिला दोरी बांधा, हातभर खोल खड्ड्यात आडवी पुरा आणि वरून पायांनी तुडवा. मग घाई न करता अर्धा तास थांबा. दाबलेले कण तेवढ्यात एकमेकांना जुळून गोठतात. आता दोरी ओढून पाहा, सगळं वजन टाकून ओढलीत तरी ती जागची हलत नाही.