टँगोतला सोडून दिलेला माणूस

टँगो हा अर्जेंटिनातला नाच, आणि त्याची गाणीही. जुन्या टँगोगीतांत रडतो तो बहुतेक वेळा पुरुष. ती निघून गेलेली असते आणि हा भाड्याच्या खोलीत तिची वाट बघत बसलेला असतो. पण आधीचा टँगो असा रडका नव्हता. १९०० च्या आसपास आन्खेल विजोल्दो यांच्या गाण्यांतला गडी मिशीला पीळ देणारा, आपल्या नाचाच्या आणि बायकांवर पाडलेल्या छापाच्या फुशारक्या मारणारा होता. बऱ्याच चालींना तर शब्दच नव्हते.

अशाच एका बिनशब्दांच्या चालीवर पास्क्वाल कोन्तुर्सी यांनी गीत बसवलं. चाल सामुएल कास्त्रिओता यांची. कार्लोस गार्देल यांनी ते गायलं आणि १९१७ मध्ये त्याची तबकडी निघाली. नाव ‘मी नोचे त्रिस्ते’, म्हणजे माझी उदास रात्र.

यात प्रेमाची मोठाली वाक्यं फारशी नाहीत. सामान आहे. तो अजूनही माते या कडवट पेयासोबत खायला बिस्किटं घेऊन येतो, जणू ती घरातच आहे. पलंग दोघांना एकत्र न बघून रुसलाय. गिटार कपाटात टांगलेली, आरसा धुरकटलेला, जणू तोही रडलाय. रात्री दार लावायचा धीर होत नाही. उघडं असलं की ती येईल असं वाटत राहतं. माझ्या मते टँगोतला पुढचा सगळा विरह या उघड्या दारातून आत आला.

हे ऐकणारा माणूस कोण होता? १९१४ च्या जनगणनेत ब्युनोस आयर्सचे जवळपास निम्मे रहिवासी परदेशात जन्मलेले होते. इटली, स्पेनहून आलेले, त्यात एकटे पुरुष पुष्कळ. राहायचे ‘कोन्व्हेन्तियो’त: मधे सामायिक अंगण, भोवती खोल्या, एकेका खोलीत अख्खं बिऱ्हाड, आपल्या चाळीचंच भावंड. तिथल्या सरमिसळीत लुन्फार्दो ही रस्त्यावरची बोली तयार झाली. कोन्तुर्सींच्या गीताची पहिली ओळच त्या बोलीत आहे. गावाकडे राहिलेली माणसं आणि सोडून गेलेली बाई, दोन्ही दुःखं एकाच सुरात मावत असणार. बांदोनिऑन हे हुंदके देणारं भात्याचं वाद्यही जर्मनीहूनच आलेलं.

एक गोष्ट मात्र खटकते. या गाण्यांतली ती कॅबरेच्या, पैशाच्या झगमगाटाकडे गेली, असं तोच सांगतो. तिची बाजू क्वचितच कानावर येते. गंमत म्हणजे असूसेना माइसानी यांच्यासारख्या गायिका पुरुषी वेशात रंगमंचावर उभ्या राहून टँगो गात.

१९४३ च्या लष्करी उठावानंतर रेडिओवर लुन्फार्दोला कात्री लागली, जुन्या गाण्यांचे शब्द बदलले गेले. त्याच साली एन्रिके सान्तोस दिसेपोलो यांचं ‘उनो’ हे गीत आलं. त्यातल्या माणसासमोर नवं प्रेम उभं आहे, पण आधीच्या फसवणुकीत मनच जळून गेलंय, द्यायला काही शिल्लक नाही.

ओमेरो मान्सी यांच्या ‘सुर’मध्ये (१९४८, संगीत आनिबाल त्रोइलो) तर प्रेयसी आणि मोहल्ला वेगळे काढताच येत नाहीत. सुर म्हणजे दक्षिण, शहराची दक्षिण बाजू. गीत सुरू होतं ते सान हुआन आणि बोएदो या रस्त्यांच्या जुन्या चौकातून. त्या कोपऱ्यावरच्या कॅफेला पुढे मान्सींचंच नाव मिळालं.