सॅस्कॉफ

'साउथ एशियन क्लायमेट आउटलुक फोरम' या मंचाचे सॅस्कॉफ हे रूढ लघुनाव. अफगाणिस्तान, पाकिस्तान, भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका आणि मालदीव या नऊ देशांच्या हवामान सेवा आपापले हंगामी अंदाज एका टेबलावर ठेवतात, त्यांवर वाद घालतात आणि साऱ्या प्रदेशासाठी एकच सहमतीचा अंदाज जाहीर करतात. पहिली बैठक एप्रिल २०१० मध्ये पुण्यात झाली. पुढाकार जागतिक हवामान संघटनेचा, यजमान भारतीय हवामान विभाग. पुढे काठमांडू, ढाका, कोलंबो आणि थिंफू येथेही बैठका झाल्या, कोविडच्या काळात त्या ऑनलाइन भरल्या. पण मंचाच्या कामकाजाचे केंद्र पुण्यातच राहिले.

मंच सार्कच्या चौकटीत बसवलेला नाही, आणि तो टिकण्याचे एक मोठे कारण हेच असावे. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला झाली. ढाक्यात १९९५ मध्ये सुरू झालेले सार्कचे हवामान संशोधन केंद्रही पुढे बंद झाले. सॅस्कॉफमध्ये मंत्री नसतात. येणारे लोक अंदाज वर्तवणारे असतात आणि विषय एकच असतो : पुढचे चार महिने पाऊस कुठे, किती.

पुणेच का, याचे उत्तर शिवाजीनगरच्या 'सिमला ऑफिस'मध्ये आहे. हवामान विभागाचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आले आणि इमारतीला, चौकाला, बसथांब्याला तेच नाव चिकटले. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, पण दीर्घ पल्ल्याच्या अंदाजाचे काम पुण्याच्या वेधशाळेतच राहिले. या कार्यालयाला जागतिक हवामान संघटनेच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा दर्जा आहे. जोडीला पाषाणची भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था (स्थापना १९६२) आहे. मान्सून मिशनचे समुद्र आणि वातावरण एकत्र धरणारे मॉडेल तिथे विकसित झाले.

सहमतीचा अंदाज असा तयार होतो. मुख्य बैठकीआधी काही दिवस प्रशिक्षण चालते. त्यात प्रत्येक देशाचे तज्ज्ञ जागतिक मॉडेलांचे निकाल आपल्या पर्जन्यमापकांच्या जुन्या नोंदींशी ताडून स्वतःच्या देशाचा अंदाज बांधतात. मालदीव किंवा भूतानसारख्या लहान सेवांना याचा उपयोग सर्वाधिक होतो, कारण स्वतःचे मॉडेल चालवण्याइतके संगणकबळ त्यांच्याकडे नसते. मग बैठकीत आधी मोठे घटक तपासले जातात : प्रशांत महासागरात एल निनो (विषुववृत्तालगतचे पाणी नेहमीपेक्षा गरम) आहे की ला निना (ते नेहमीपेक्षा थंड), हिंदी महासागराचा द्विध्रुव (त्याच्या पश्चिम आणि पूर्व भागांतल्या तापमानाचा फरक) कोणत्या बाजूला झुकतो आहे, सरत्या हिवाळ्यात आणि वसंतात उत्तर गोलार्धावर बर्फ किती होते. बर्फाचा धागा जुना आहे. हिमालयातला बर्फ आणि मान्सून यांची सांगड घालून भारतीय हवामान विभागाचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड याने १८८६ मध्ये हंगामी अंदाज दिला होता.

खरी कसोटी त्यानंतर येते. देशोदेशीचे नकाशे शेजारी मांडले की सीमेवर रंग जुळत नाहीत. बिहारमध्ये पाऊस कमी आणि लगतच्या नेपाळी तराईत जास्त, किंवा मेघालय एका रंगात आणि खालचे बांगलादेशातले सिल्हेट दुसऱ्या, असे दिसते. कधी यामागे डोंगराचे खरे कारण असते. पुष्कळदा कारण कागदी असते. एका देशाची 'सरासरी' १९८१ ते २०१० या वर्षांची, दुसऱ्याची १९९१ ते २०२० ची, भारताची दीर्घकालीन सरासरी १९७१ ते २०२० ची. पाया वेगळा असला की तोच पाऊस एकीकडे 'सरासरीएवढा' आणि दुसरीकडे 'जास्त' ठरतो. म्हणून आधी आधारवर्षे विचारायची, मग मॉडेल, आणि मतभेदाला सर्वांत शेवटी हात घालायचा, हा क्रम शहाणपणाचा. या टप्प्यात तज्ज्ञांच्या अनुभवाला बराच वाव असतो, आणि तिथेच दोष शिरतो. कोणत्याही अंदाजकाराला टोकाचे बोलायला नको असते, त्यामुळे चर्चेअंती नकाशा 'सरासरी'कडे सरकतो. अंदाज कसा निघाला हे मागाहून तपासता यावे, तोच निकाल पुन्हा काढता यावा, असा आग्रह जागतिक संघटना आता धरते तो यामुळेच.

तयार नकाशा बहुतेक जण चुकीचा वाचतात. त्यात मिलिमीटर नसतात, शक्यता असते. एखाद्या ठिकाणच्या ३० वर्षांचा पाऊस चढत्या क्रमाने लावला, तर पहिली १० वर्षे 'कमी', मधली १० 'सरासरीएवढा', शेवटची १० 'जास्त'. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक गटाची शक्यता ३३.३ टक्के. समजा एखाद्या चौकोनात 'जास्त' गटाला ४५ टक्के लिहिले आहे. याचा अर्थ ४५ टक्के जादा पाऊस पडणार असा मुळीच नाही. जास्त पावसाचा संभव नेहमीच्या ३३ वरून ४५ वर गेला, एवढाच. उरलेले ५५ टक्के दुसऱ्या दोन गटांत शिल्लक असतातच. मथळ्यांमध्ये हे हमखास हरवते.

दुसरी अडचण वेळेची. एल निनोचे अंदाज वसंत ऋतू ओलांडताना सर्वांत डळमळीत असतात आणि बैठक भरते नेमकी एप्रिलच्या उत्तरार्धात. ती जूनमध्ये घ्यावी तर बियाणे, धरणे आणि आयात यांचे निर्णय होऊन गेलेले असतात. एप्रिलचा आकडा किती घसरू शकतो याचे उदाहरण भारताच्याच अंदाजात आहे : २०१९ मध्ये हवामान विभागाने दीर्घकालीन सरासरीच्या ९६ टक्के पाऊस वर्तवला होता, पडला ११० टक्के. शिवाय चार महिन्यांच्या बेरजेत पावसातले खंड दिसत नाहीत. २०२३ चा हंगाम ९४ टक्क्यांवर संपला, पण त्यातला ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा होता. पुरंदर किंवा बारामतीच्या शेतकऱ्याने पेरणीची तारीख या नकाशावरून ठरवू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल बसल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला त्याच्या अधिक कामाचा. मंचाच्या निवेदनातही देशापुरत्या तपशिलासाठी त्या त्या राष्ट्रीय सेवेचा अंदाज पाहा, असेच सांगितलेले असते.

बैठकीला जोडून शेती, पाणी, आरोग्य आणि आपत्ती व्यवस्थापन या क्षेत्रांतील लोकांशी वेगळी चर्चा होते. अंदाज उशिरा मिळाला, की भाषा समजली नाही, हे इथे कळते.

जून ते सप्टेंबर हा हंगाम नऊही देशांना सारखा लागू नाही. अफगाणिस्तानात बहुतांश पाऊस आणि बर्फ हिवाळा-वसंतात पश्चिमेकडून येतो, त्यामुळे मान्सूनच्या नकाशाचा त्या देशाला फारसा उपयोग नाही. श्रीलंकेचा पूर्व किनारा आणि तमिळनाडू ईशान्य मोसमी पावसावर जगतात. त्यासाठी ऑक्टोबर ते डिसेंबरच्या अंदाजाची दुसरी बैठक २०१५ पासून घेतली जाते.