युरोपातले देश लक्झेंबर्गच्या कोर्टाचं ऐकतात ते का? थोडी पार्श्वभूमी

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये लक्झेंबर्गमधल्या युरोपीय संघाच्या कोर्टाने पोलंडला रोजचे १० लाख युरो असा दंड लावला, तेव्हा पहिला प्रश्न हाच पडतो की हा वसूल कोण करणार? या कोर्टाकडे ना पोलीस ना लष्कर. तरी बहुतेक देश बहुतेक वेळा ऐकतात. का, ते कळायला साठेक वर्षं मागे जावं लागतं, आणि गंमत म्हणजे सगळं सुरू झालं एका केमिकलवरच्या जकातीवरून.

१९५७ च्या रोम करारात सहा देशांनी लिहून दिलं होतं की आपसातली आयात जकात वाढवायची नाही. पण कुणी वाढवलीच तर? तक्रार करायची कमिशनने (म्हणजे या देशांचा सामायिक कारभार बघणाऱ्या संस्थेने) नाहीतर दुसऱ्या देशाने, मग कोर्ट म्हणणार तुमचं चुकलं, विषय संपला. दंडाची सोयच नव्हती. आणि दुसरा देश कशाला तक्रार करेल, आज मी तुला कोर्टात खेचलं तर उद्या तू मला खेचणार.

मग आली व्हॅन गेंड एन लोस ही डच ट्रान्सपोर्ट कंपनी. त्यांनी पश्चिम जर्मनीतून ते केमिकल आणलं, त्यावर ३ च्या जागी ८ टक्के जकात लागली, तर यांनी आपल्याच सरकारविरुद्ध आपल्याच देशात केस टाकली. डच सरकारचं म्हणणं, करार देशादेशांतला, तुम्ही मध्ये कोण? प्रकरण लक्झेंबर्गला गेलं आणि ५ फेब्रुवारी १९६३ ला निकाल आला की या करारातून साध्या माणसालाही हक्क मिळतात आणि ते तो आपल्या देशातल्या कोर्टात मागू शकतो. माझ्या मते खरी कलाटणी इथेच मिळाली, कारण आता नजर ठेवायला कमिशनच्या साहेबांची गरज नाही, ज्याच्या खिशाला चाट बसली तो स्वतःच केस करणार.

पुढच्याच वर्षी मिलानचा कोस्ता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण हा गडी स्वतःच वकील. इटलीने वीज कंपन्या सरकारी केल्या म्हणून चिडला, हे रोम करारात बसत नाही म्हणाला आणि १९२५ लिराचं बिल भरायचं नाकारलं. इटलीच्या घटना कोर्टाने सांगितलं नंतरचा देशी कायदा वरचढ, लक्झेंबर्गने जुलै १९६४ मध्ये सांगितलं नाही, युरोपचाच कायदा वरचढ. इटलीच्या घटना कोर्टाला हे नीट पचायला १९८४ उजाडलं.

यातली खरी मेख म्हणजे खालच्या कोर्टातला जज लक्झेंबर्गला प्रश्न विचारतो, उत्तर येतं, आणि निकाल मात्र तोच जज आपल्या सहीने देतो, त्यामुळे सरकारला तो मोडायचा तर परक्या कोर्टाला नाही, आपल्याच जजला नाही म्हणायचं असतं, आणि ते लोकशाहीत फार महागात पडतं.

सगळे गुमान ऐकत होते असंही नाही. जर्मन घटना कोर्टाने १९७४ ला बजावलं की जोपर्यंत युरोपात मूलभूत हक्कांची पुरेशी हमी नाही तोपर्यंत युरोपचे कायदे आम्ही तपासणार, आणि १९८६ ला तेच वाक्य उलटं फिरवून सांगितलं की जोपर्यंत हमी आहे तोपर्यंत नाही तपासणार. फ्रान्सचं सर्वोच्च प्रशासकीय कोर्ट तर १९८९ पर्यंत अडून होतं.

दंडाची सोय आली ती १९९३ ला मास्ट्रिक्ट करार लागू झाल्यावर. पहिला फटका ग्रीसला बसला, २००० साली, क्रीट बेटावरचा एक कचरा डेपो बंद करत नाहीत म्हणून रोज २० हजार युरो.

आता पोलंडचं भांडण एवढं का पेटलं ते लक्षात येईल. तिथे सुप्रीम कोर्टात जजांवरच कारवाई करणारं एक खास चेंबर (कोर्टाचा विभाग) काढलं होतं आणि दंड त्यावरूनच होता, म्हणजे ज्या खांबावर हे सगळं उभं आहे त्यालाच हात. २०२२ मध्ये ते चेंबर बरखास्त झालं, पण बदल पुरेसे नाहीत म्हणून दंडाचं मीटर चालूच राहिलं, २०२३ च्या एप्रिलमध्ये दंड निम्मा झाला. आणि वसुली? पोलंडने पैसे भरले नाहीत, तर कमिशनने त्यांना मिळणाऱ्या युरोपीय निधीतूनच परस्पर कापून घेतले, पगारातून हप्ता जावा तसे.