आवाज ‘ज्याच्या त्याच्या कानाचा’ असतो का?

इंदूरच्या महाराणी रोडवर स्पीकर घ्यायला गेलात की दुकानदारापासून सोबत आलेल्या मामांपर्यंत सगळे एकच सांगतात: आवाजाला माप नसतं, ज्याला जे रुचेल ते. हे अर्धंच खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यावर महागड्या वायरी खपतात.

कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल यांनी १९८० च्या दशकात स्पीकर पडद्याआड ठेवून, आवाजाची पातळी सारखी करून लोकांना ऐकवले. ज्यांचे कान धड होते त्यांची पसंती बरीचशी एकाच बाजूला झुकली: खर्जापासून तारापर्यंत काही न फुगवणारे, न दाबणारे, आणि बाजूला बसूनही तसेच ऐकू येणारे स्पीकर. हे सगळं मोजता येतं. पातळी सारखी करणं महत्त्वाचं, कारण किंचित मोठा आवाज नेहमी ‘जास्त खुललेला’ वाटतो. दुकानात हे चांगलंच ठाऊक असतं.

मग आवड कुठे येते? मुख्यतः बेसमध्ये, म्हणजे खालच्या, घुमणाऱ्या सुरांत. आपल्या इंदूरच्या अमीर खाँसाहेबांचा मंद्रातला आलाप ऐकणाऱ्याला फुगलेला बेस खुपेल. वरातीच्या डीजेवर वाढलेल्या भाच्याला तोच हवा असेल. भांडू नका, नॉब फिरवा.

वायरीचं म्हणाल, तर ५ मीटर लांबीची, दीड चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर ८ ओहमच्या स्पीकरचा जेमतेम ०.१ डेसिबल आवाज खाते, म्हणजे कानाला कळणारही नाही इतका. त्यापेक्षा उघड्या फरशीवर सतरंजी टाका आणि स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढा. फरक मामांनाही कळेल.