रोमन देनारियसवरची देवता कशी ओळखाल?

आमच्या काउंटरवर नाणे हातात घेतले की पहिला प्रश्न ठरलेला : "हा राजा कोण?" बऱ्याचदा तो राजा नसतोच. रोमने चांदीचा देनारियस पाडायला घेतला इ.स.पू. 211 च्या सुमारास (संस्कृतातला 'दीनार' यावरूनच आला). रोमच्या टांकसाळीने हयात माणसाचा चेहरा त्यावर उमटवला तो थेट इ.स.पू. 44 मध्ये, ज्युलियस सीझरचा. तोवर मान देवांचा, फार तर पूर्वजांचा.

चेहऱ्यावर जाऊ नका, हातात काय आहे ते बघा. आपण शंख-चक्र, त्रिशूळ पाहून मूर्ती ओळखतो, तसेच. सुरुवातीच्या नाण्यांवर शिरस्त्राण घातलेली ती रोमा. तिच्यामागची फुली म्हणजे रोमन दहा, कारण तेव्हा देनारियसचे दहा 'आस' (काशाची नाणी) येत. नाण्याच्या मागच्या बाजूला भाले रोखलेले दोन घोडेस्वार दिसले तर ते कॅस्टर आणि पोलक्स हे जुळे. आपल्या अश्विनीकुमारांचे चुलतभाऊच म्हणा. सुकाणू आणि फळाफुलांनी भरलेले शिंग फॉर्च्यूनाचे, सापाला भरवणारी सालूस आरोग्याची. ढाल-भाला घेतलेली मिनर्व्हा डोमिशियन बादशहाची लाडकी. त्याच्या देनारियसवर ती सतत भेटते, कधी पायाशी घुबड घेऊन.

आमचे आवडते नाणे मात्र कॅरिसियस या टांकसाळ अधिकाऱ्याचे, इ.स.पू. 46 चे. पुढे जुनो मोनेटा देवी, मागे चिमटा, ऐरण आणि हातोडा. रोमची टांकसाळ तिच्याच देवळाला लागून होती. इंग्रजीतले 'मनी' आणि 'मिंट' हे दोन्ही शब्द तिच्या नावावरून आले. टांकसाळीने स्वतःची हत्यारे नाण्यावर मिरवावीत, हे आम्हा धंदेवाल्यांना भावते.

ठसा हातोड्याने मारलेला असल्याने देवीचे नाक किंवा अर्धे नाव कडेबाहेर गेलेले असते. तो दोष नव्हे. कडेला शिवणीसारखी रेघ किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले, तर मात्र साच्यात ओतलेली नक्कल समजा. झिजल्या जागी तांबे डोकावले तर मुलाम्याचे. अशी बनवाबनवी रोमन काळातही चाले.

आणि कृपा करून चिंच, टूथपेस्ट लावू नका. ती काळसर झाक शतकांची आहे. घासलेत की निम्मी किंमत गेली.

शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून ते पाठवता येणार नाही, हे घेण्याआधीच लक्षात असू द्या.